दिवसा वीज नसलेला खांब स्मार्ट कसा होणार?

केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ ला सुरू झालं, सप्टेंबर २०१६ मध्ये नागपूरचं नाव यादीत आलं आणि ३१ मार्च २०२५ ला अभियान संपलंसुद्धा. मधल्या वर्षांत जपानी गार्डन चौक ते ऑरेंज सिटी हॉस्पिटल चौक असा सुमारे ६ किलोमीटरचा 'स्मार्ट स्ट्रिप' तयार झाला, चौकाचौकांत कॅमेरे लागले, पारडी-भरतवाडा-पुनापूरकडे नवे रस्ते आखले गेले. अभियान संपलं तरी शहर चालवायचं आहेच, आणि 'आता पुढे काय' या चर्चेत एक कल्पना पुन्हा पुन्हा येते: पथदिवे एकमेकांना आणि महापालिकेच्या संगणकाला जोडा, बाकीचं स्मार्ट शहर त्या खांबांवर उभं करा.

कल्पना चांगली आहे. पण तिच्यात एक मोठी खोच आहे आणि ती माहितीपत्रकांत सहसा छापलेली नसते. आधी कल्पना समजून घेऊ, मग खोचेकडे वळू.

शहरात कुठेही एखादं यंत्र बसवायचं, मग तो हवा मोजणारा सेन्सर असो, पाण्याची पातळी सांगणारा असो की वायफायचा डबा, तर काही गोष्टी लागतात. उंची हवी, म्हणजे कोणी सहज हात लावणार नाही. वीज हवी. जागा कोणाच्या मालकीची यावर भांडण नको. आणि अशा जागा शहरभर ठरावीक अंतरावर हव्यात. हे सगळं एकत्र असलेली वस्तू प्रत्येक गल्लीत आधीच उभी आहे. खांबांमधलं अंतर साधारण २५-३० मीटर, उंची गल्लीत सहा-सात आणि मोठ्या रस्त्यावर नऊ मीटर किंवा जास्त. रस्त्यावर दिवाबत्ती करणं हे महापालिकेचं कायद्याने बंधनकारक काम असल्यामुळे खांबाची देखभालही तिच्याकडेच. महालातल्या बोळीपासून वर्धा रोडपर्यंत असं दुसरं काही सापडणार नाही.

आता 'जोडलेला दिवा' म्हणजे काय ते पाहू. पुढच्या वेळी एखाद्या नव्या एलईडी दिव्याखालून जाताना वर बघा. काही दिव्यांच्या पाठीवर एक गोल टोपी दिसते. टोपीच्या जागी असतो सात पिनांचा सॉकेट. तीन पिना विजेच्या आणि चार पिना दिवा मंद-प्रखर करण्याच्या आणि सेन्सरच्या सूचनांसाठी. त्यात बसणाऱ्या डब्याला 'नोड' म्हणतात. नोड दिवा चालू-बंद करतो, मंद करतो, किती वीज गेली ते मोजतो, व्होल्टेज कमी-जास्त झालं तर नोंद ठेवतो आणि हे सगळं रेडिओने पुढे कळवतो. चांगल्या नोडमध्ये आणखी एक सोय असते. वीज तुटली की आतल्या छोट्या कॅपॅसिटरमधल्या उरलेल्या ऊर्जेवर तो एक शेवटचा निरोप पाठवतो, 'माझी वीज गेली'. एका रांगेतल्या दहा नोडांनी एकदम असा निरोप दिला तर केबल तुटली, किंवा कापली गेली, हे त्याच मिनिटाला समजतं.

दिवा कधी लावायचा हे नोडला कोणी सांगावं लागत नाही. अक्षांश, रेखांश आणि तारीख कळली की सूर्यास्ताची वेळ गणिताने निघते. नागपुरात जूनच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचलाच. दीड तासाच्या आसपासचा हा फरक ज्या घड्याळाला कळत नाही, ते वर्षातला काही काळ उजेडात दिवे जाळतं नाहीतर अंधारात लोकांना चालवतं. भर दुपारी रिंग रोडवर जळणारे दिवे पाहिले नाहीत असा नागपूरकर विरळा.

पण माझ्या मते जोडणीचा सगळ्यात मोठा फायदा याहून साधा आहे: पत्ता. आज दिवा बंद पडल्याची तक्रार अशी होते. "भाऊ, आमच्या गल्लीतला लाइट बंद हाये." "कोन्ता खंबा?" "तो किराणा दुकानापाशचा, लिंबाच्या झाडाजवळचा." लाइनमन येतो, तोपर्यंत दुकान बंद झालेलं असतं, लिंबाची झाडं गल्लीत चार असतात, आणि तो दिवसा आलेला असल्याने कोणता दिवा जळत नाही हे त्याला दिसतही नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक आणि नकाशावर ठिकाण मिळालं, आणि दिव्याने स्वतःहून 'मी बंद आहे' कळवलं, तर हा सगळा संवाद वाचतो. लाखाच्या वर दिवे असलेल्या शहरात ही बचत लहान नाही. आणि लक्षात घ्या, क्रमांक आणि नकाशा यांना नोडसुद्धा लागत नाही. ते काम रंगाचा डबा आणि मोबाइल घेऊन उद्या सुरू करता येतं.

खोच: दिवसा खांब मेलेला असतो

आपल्याकडे पथदिव्यांची रचना कशी असते? रस्त्याकडेला एक लोखंडी पेटी असते, तिला पॅनल किंवा फीडर पिलर म्हणतात. त्या पेटीतून निघालेल्या केबलवर कित्येक दिवे लटकलेले असतात. संध्याकाळी पेटीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, खटकन जुळतो, पूर्ण केबलमध्ये वीज येते आणि रांग उजळते. सकाळी तो सुटतो आणि सगळी केबल निर्जीव होते. दिव्यांना याने काही फरक पडत नाही, दिवसा त्यांना काम नसतंच.

पण खांबावर हवा मोजायचा सेन्सर लावला असेल तर? तो सकाळी सहाला झोपणार, म्हणजे शहरातली वाहनं रस्त्यावर यायच्या वेळेला. पाण्याची पातळी सांगणारं यंत्र पावसाळी दुपारी गप्प बसणार. वायफाय रात्रीच मिळणार. खांबाला वीज आहे म्हणून आपण त्याला पाया म्हटलं, आणि ती वीज अर्धा दिवस नसते.

२०१५ च्या ५ जानेवारीला सुरू झालेल्या पथदिव्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत देशभर १ कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी पथदिवे बसले. त्या कार्यक्रमात नियंत्रणाची जी पद्धत रूढ झाली तिचं नाव सीसीएमएस, केंद्रीकृत नियंत्रण व देखरेख प्रणाली. यात हुशारी पेटीत बसवतात, दिव्यात नाही. पेटीत सिमकार्ड, मीटर आणि घड्याळ. पेटी वरून चालू-बंद करता येते, वीज किती लागली कळतं. एका पेटीच्या खर्चात अनेक दिवे येतात, म्हणून ही पद्धत स्वस्त पडली आणि ते समजण्यासारखं आहे. पण तिला एकेक दिवा दिसत नाही. रोज जेवढा करंट जातो त्यापेक्षा थोडा कमी गेला, तर तीन-चार दिवे बंद असावेत एवढा अंदाज येतो. कोणते, ते शोधायला पुन्हा लिंबाच्या झाडापाशीच जावं लागतं. आणि दिवसा केबल मेलेलीच राहते.

म्हणून कागदावर 'शहरातले सगळे पथदिवे स्मार्ट झाले' असं वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: हुशारी पेटीत आहे की दिव्यात? पेटीत असेल तर विजेचं बिल नीट येईल, बंद फीडर कळेल, चांगलंच आहे. पण त्यावर स्मार्ट शहर उभं राहत नाही.

ते उभं करायचं तर केबलमध्ये चोवीस तास वीज ठेवावी लागते आणि चालू-बंद करण्याचं काम पेटीकडून काढून प्रत्येक दिव्याकडे द्यावं लागतं. बोलायला सोपं, करायला त्रासाचं. दिवसभर जिवंत राहणारी केबल म्हणजे अर्थिंग चोख हवं. गंजलेल्या लोखंडी खांबात उघडी जोडणी असेल, तर आज तो पावसाळ्यात फक्त रात्री धोकादायक असतो. उद्या तो शाळा सुटायच्या वेळीही धोकादायक ठरेल. गळती करंट ओळखून वीज तोडणारं यंत्र पेटीत बसवणं, खांबाच्या पायथ्याची जोडणीची झाकणं बदलणं, ही कामं आधी होतात, मग नोड. कोणत्याही उद्घाटनात या झाकणांचा फोटो निघत नाही, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. एक फायदा मात्र आहे. केबल दिवसाही जिवंत असली की ती कापायला हात धजत नाही, आणि कापलीच तर नोड लगेच ओरडतो. आज चोरी कळते ती संध्याकाळी रांग पेटत नाही तेव्हा.

बचत होते, पण कशातून?

विक्रेते नोडची शिफारस वीजबचतीवर करतात. थोडं गणित करू. रात्रीचे तास मोजले तर पथदिवा वर्षाला साधारण ४,२०० तास जळतो. जुना १५० वॉटचा सोडियम दिवा चोकसह १७० वॉटच्या आसपास ओढायचा, म्हणजे वर्षाला सुमारे ७१४ युनिट. त्याच्या जागी ८० वॉटचा एलईडी लावला तर ३३६. वाचले ३७८. हे सगळं दिवा बदलण्यानेच वाचलं, त्यात नोडचा काहीही हात नाही.

आता नोड लावून मध्यरात्री १२ ते पहाटे ५ दिवा निम्मा केला. पाच तास, ३६५ रात्री, ४० वॉट: ७३ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला ५८४ रुपये. नोडची किंमत, बसवणी, जाळं आणि सॉफ्टवेअरचं भाडं मिळून दिव्यामागे काही हजार होतात. नुसत्या मंद करण्यातून ते फिटायला बरीच वर्षं जातील. रुंद रस्त्यावरच्या मोठ्या वॉटच्या दिव्यांना हिशेब लवकर जमतो, गल्लीतल्या २०-३० वॉटच्या दिव्याला जवळजवळ कधीच नाही. एलईडीची बचत आणि नोडची बचत एकत्र करून दाखवलेला आकडा दिसला की तो सोडवून मागावा.

मंद करणं निरर्थक आहे असं मात्र नाही. पथदिव्यांच्या भारतीय मानकात मुख्य वाहतुकीच्या रस्त्यावर सरासरी ३० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड अपेक्षित आहे, निवासी गल्लीत ४ लक्स. हे आकडे गर्दीच्या वेळेसाठी रस्त्याचा वर्ग ठरवून काढलेले असतात. पहाटे तीनला सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर तेवढी वाहतूक नसते. नागपुरात तर उजेड कमी करण्याची सवय घालायचा प्रयत्न आधीच झालेला आहे. प्रा. अनिल सोले महापौर असताना सुरू झालेला 'पौर्णिमा दिवस' आठवा: पौर्णिमेच्या रात्री चांदणं असताना तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवायचे. स्वयंसेवक चौकात उभे राहून दुकानदारांना विनवायचे. नोड असलेल्या रस्त्यावर तेच काम वेळापत्रकातल्या एका ओळीने होतं, आणि दिवा पूर्ण बंद करण्याऐवजी चांदण्यापुरता उतरवता येतो. फक्त कोणता रस्ता किती उतरवायचा हे कार्यालयात बसून ठरवू नये. रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून सायकलने घरी येणाऱ्याला आणि मेडिकल रुग्णालयाजवळ रात्री उभ्या असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना विचारावं.

निरोप जातो कसा

नोडना बोलायला दोन मुख्य वाटा आहेत. एक, प्रत्येकात सिम, थेट मोबाइलच्या जाळ्याशी बोलणं. सोपं आहे, पण सिमचं भाडं कायमचं मागे लागतं. दुसरी वाट मेशची. इथे दिवा आपला निरोप शेजारच्या दिव्याला देतो, तो पुढच्याला, बांधकामावर घमेलं हातोहात सरकतं तसा, आणि शेवटी तो गेटवेपाशी, म्हणजे सगळे निरोप गोळा करून महापालिकेच्या संगणकाकडे धाडणाऱ्या डब्यापाशी पोचतो. मधला एखादा नोड बिघडला तर निरोप बाजूने वळतो. यासाठी भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या वरची एक छोटी पट्टी विनापरवाना खुली आहे. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टीही वापरता येते, पण ती पानांतून कमी पार जाते. आपल्या सिव्हिल लाइन्स-धरमपेठसारख्या झाडीच्या भागात हा फरक पावसाळ्यानंतर, झाडं भरली की जाणवतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दिव्यांचं जाळं म्हणजे इंटरनेट नव्हे. एक नोड दर पंधरा मिनिटांनी मोजके आकडे पाठवतो, आणि जाळं तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. त्यावरून पाण्याची पातळी जाईल, तापमान जाईल, कचराकुंडी भरल्याचा इशारा जाईल. कॅमेऱ्याचं चित्र जाणार नाही. नागपुरात कॅमेऱ्यांसाठी ऑप्टिकल फायबर वेगळी टाकावी लागली ती याच कारणाने. एकाच जाळ्यावर सगळं चालेल असं कोणी सांगितलं, तर तो एकतर अभियंता नाही किंवा विक्रीला आला आहे.

छोट्या आकड्यांत मात्र मोठी कामं दडलेली असतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. पुलाच्या खालून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा रडार सेन्सर फार मोठी तांत्रिक करामत नाही. त्याला लागते एक टेकायची जागा आणि निरोप न्यायला जाळं. नदीकाठच्या रस्त्यावरचे नोड ते देऊ शकतात. पण पूर येतो तेव्हा सगळ्यात आधी वीज बंद केली जाते, त्यामुळे सेन्सरला, निरोप नेणाऱ्या नोडना आणि गेटवेला स्वतःची बॅटरी हवीच. हा खर्च पहिल्या निविदेत वगळला की ऐन वेळी सगळं मुकं होतं.

हवेचंही तसंच. अखंड मोजणी करणारं केंद्र नागपुरात बराच काळ सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओसमोर एकच होतं, तेही शहरातल्या सगळ्यात हिरव्या भागात. खांबांवरचे स्वस्त सेन्सर कळमना बाजारापासून कोराडी रोडपर्यंत पसरता येतात. त्यांची खोड अशी की ते हवेतले कण प्रकाश विखुरण्यावरून मोजतात आणि हिवाळ्यातल्या धुक्याचे थेंबही धूळ समजून बसतात. त्यांना चांगल्या यंत्राशेजारी ठेवून वेळोवेळी ताळ्यावर आणावं लागतं. नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, त्यामुळे तज्ज्ञ शोधायला लांब जावं लागणार नाही.

उन्हाळ्याबद्दलही बोलायला हवं, कारण बाहेरच्या देशांतली माहितीपत्रकं ते सांगत नाहीत. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो आणि दिव्याच्या धातूच्या पाठीवर उन्हात बसलेला नोड त्याहून कितीतरी तापतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. एलईडीची चिप टिकते, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी जातो. युरोपात दहा वर्षं चालणारा माल विदर्भात तितका चालेल हे गृहीत धरून देखभालीचं कंत्राट करू नये. आणि मेअखेरच्या वादळी विजांसाठी सर्जपासून, म्हणजे विजेच्या दाबाच्या अचानक उसळीपासून, संरक्षण देणारा भाग वेगळा, बदलता येणारा हवा.

खांब भाड्याने देऊन महापालिका कमाई करेल, ही आशाही तपासून घ्यावी. फाइव्ह-जीचे छोटे डबे बसवायला दूरसंचार कंपन्यांना खांब लागतातच. पण केंद्राने २०२२ मध्ये नियम बदलताना शहरातल्या अशा खांबाचं शुल्क वर्षाला ३०० रुपये ठरवलं. वर काढलेल्या ५८४ रुपयांच्या निम्म्याच्या आसपास. त्यावर कोणाचं अंदाजपत्रक फिरणार नाही.

कॅमेऱ्याचा प्रश्न पैशापेक्षा अवघड आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराने २०१६ मध्ये मंजुरी देऊन तीन हजारांहून अधिक पथदिव्यांवर सेन्सर आणि कॅमेरे बसवले. सांगितलं होतं की वाहतूक आणि पार्किंग मोजायला. २०१८ पासून पोलिस त्यातली चित्रं तपासासाठी वापरू लागले, नागरिकांना ते नंतर कळलं, गदारोळ झाला आणि २०२० मध्ये महापौरांनी यंत्रणा बंद करायला सांगितली. गुन्ह्याच्या तपासाला चित्रं वापरावीत की नाही यावर मतभेद असू शकतात. पण तो निर्णय खांब उभा करण्याआधी महापालिकेच्या सभागृहात व्हावा, नंतर वर्तमानपत्रात नको. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, मात्र त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची बरीच मुभा ठेवलेली आहे. म्हणून कॅमेरा कुठे, चित्र किती दिवस ठेवणार, कोण पाहू शकणार, हे शहराने स्वतः लिहून ठेवणं जास्त गरजेचं.

आणि सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्ब्रहम गावच्या शाळेत सुमारे ७,००० दिवे एका संगणकप्रणालीवर चालत. ऑगस्ट २०२१ मध्ये ती प्रणाली बिघडली आणि दिवे चालू अवस्थेत अडकले. बंद करायचं बटणच नव्हतं. मूळ कंपनी हातोहात विकली गेली होती, जुनी प्रणाली जाणणारी माणसं सापडेनात, नवे भाग येईनात. २०२३ सुरू झालं तरी दिवे दिवसरात्र जळतच होते. ही एका शाळेची गत, शहराची कल्पना करा.

यावर उपाय तंत्रज्ञानात कमी आणि कंत्राटाच्या मजकुरात जास्त आहे. सॉकेट प्रमाणित असावा, म्हणजे एका कंपनीचा नोड काढून दुसरीचा बसेल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींनी एकमेकांशी एकाच भाषेत बोलावं यासाठी टॅल्क (TALQ) नावाचं खुलं मानक आहे, ते निविदेत मागावं. नोडच्या कुलपांच्या डिजिटल किल्ल्या आणि साठलेला डेटा महापालिकेच्या नावावर असावा. आणि जाळं तुटलं तरी दिवा आपल्या घड्याळावर सूर्यास्ताला लागलाच पाहिजे, ही अट चाचणी घेऊन तपासावी: गेटवे बंद करायचा, आठवडाभर थांबायचं, काय होतं बघायचं.

दहाही झोनमध्ये हे एकदम करायची गरज नाही, परवडणारही नाही. माझ्या हातात असतं तर मी अंबाझरीच्या सांडव्यापासून नाग नदीच्या कडेने पंचशील चौकापर्यंतचे फीडर आधी घेतले असते. तिथे अर्थिंग आणि जोडण्या सुधारून चोवीस तास वीज, प्रत्येक दिव्याला नोड, पुलांखाली पातळीचे सेन्सर, आणि सेन्सरला, निरोप नेणाऱ्या नोडना व गेटवेला बॅटरी. पेटीवाली सीसीएमएस बाकी शहरात आहे तशी चालू द्यावी. जून ते सप्टेंबर असा एक पावसाळा आणि त्यानंतरचा एक मे काढून किती नोड जिवंत राहिले, किती इशारे खरे निघाले, लाइनमनच्या फेऱ्या किती कमी झाल्या, हे आकडे संकेतस्थळावर टाकावेत. पुढच्या झोनची निविदा त्या आकड्यांवरून काढावी.